किनाऱ्यावरचं अस्वल शांत का असतं?

अस्वलाच्या गुदगुल्या म्हणजे काय, हे विदर्भात मोहफुलं वेचायला जाणाऱ्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आपलं अस्वल झुडपाआडून अचानक समोर येतं आणि पळण्याऐवजी अंगावर धावतं. वाघाच्या शेजारात जगणाऱ्या प्राण्याला आधी वार करूनच निभावावं लागतं. ही धास्ती मनात घेऊनच आपण अलास्काच्या किनाऱ्यावरचे फोटो पाहतो: तीन-चारशे किलोचा तपकिरी नर ओढ्यात उभा, आणि काही अंतरावर रबरी बूट घातलेली सात-आठ माणसं गवतात बसलेली. मग दोनच निष्कर्ष निघतात. एक तर ही माणसं वेडी आहेत, नाहीतर ती अस्वलं सर्कशीतल्यासारखी माणसाळलेली आहेत. दोन्ही चूक. तिथली शांतता टिकते ती अस्वलाच्या पोटात भरपूर अन्न असतं म्हणून, आणि समोरची माणसं दरवर्षी अगदी तशीच वागतात म्हणून. यातली एक बाजू ढासळली की शांतताही जाते, आणि तशी ती गेल्याची उदाहरणं आहेत.

आधी पोटाचं पाहू. ग्रिझली वेगळं, कोडियाकचं अस्वल वेगळं, किनाऱ्यावरचं आणखी वेगळं, असं अनेकांना वाटतं. या सगळ्यांची जात एकच, तपकिरी अस्वलाची. कोडियाक बेटांवरची अस्वलं फार काळ मुख्य भूमीपासून तुटलेली असल्यानं त्यांची वेगळी उपजात मानतात, एवढंच. खरा फरक आहाराचा. डोंगराळ अंतर्भागातल्या अस्वलाला मुळं, किडे, बेरी गोळा करत मैलोन् मैल हिंडावं लागतं, म्हणून ते लहानही राहतं आणि दुसऱ्याला जवळ येऊ देत नाही. किनाऱ्यावर मात्र समुद्र रोज दोनदा ताट वाढतो. मे-जूनमध्ये ही अस्वलं खाडीकाठच्या मैदानात लव्हाळ्याच्या जातीचं कोवळं गवत अक्षरशः चरतात. त्या दिवसांत त्या पात्यांत प्रथिनं भरपूर असतात. ओहोटी लागली की चिखलात उतरून शिंपले खणतात. हे बघण्यासारखं असतं. अस्वल नाक जमिनीला लावून चालतं, थांबतं, पंजानं कोपरभर खड्डा करतं आणि वर आलेला शिंपला एका पंजाखाली दाबून दुसऱ्याच्या नखांनी उघडतं. जुलैपासून नद्यांत सॅमन चढू लागतात. एवढं अन्न एका जागी असल्यानं अलास्कातल्या कॅटमाय राष्ट्रीय उद्यानात सुमारे 2,200 तपकिरी अस्वलं राहू शकतात, आणि शेजारच्या मॅकनील नदीच्या धबधब्यावर एकाच वेळी 74 अस्वलं मोजली गेली आहेत. इतक्या गर्दीत जगायचं तर दुसऱ्याला सहन करायला शिकावंच लागतं. माणसाला सहन करणं हा त्याचाच पुढचा भाग.

पण सहन करणं आणि माणसाळणं यांत मोठं अंतर आहे, आणि सगळ्यात घातक गैरसमज इथेच होतो. माणसाकडून कधीच काही मिळालं नाही आणि कधी त्रासही झाला नाही, असं अस्वल माणसाकडे दगडधोंड्यासारखं बघतं. माणसाकडून एकदा खाणं मिळालं की तेच अस्वल माणसाला अन्नाशी जोडतं. मॉन्टानातल्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात 1967 च्या ऑगस्टमध्ये एकाच रात्री, दोन वेगळ्या ठिकाणी, दोन वेगळ्या ग्रिझलींनी दोन तरुणींना मारलं. 1910 मध्ये उद्यान झाल्यापासून तिथे अस्वलानं माणूस मारल्याची नोंद नव्हती. दोन्ही ठिकाणची अस्वलं माणसांच्या उष्ट्या-खरकट्यावर येत होती. याच्या उलट मॅकनीलला 1973 पासून परवाना पद्धत आहे: सोडत काढून दिवसाला दहाच माणसं धबधब्यापाशी नेतात, ठरलेल्या वाटेनं, ठरलेल्या जागी. तेव्हापासून तिथे अस्वलानं एकाही माणसाला जखमी केलेलं नाही. आधीच्या मोकाट काळात घटलेली अस्वलांची संख्या पुढे वाढली. अस्वलांची जात तीच, नदीही तीच. बदललं ते माणसांचं वागणं.

छोट्या गटाचा आग्रह यासाठीच, ती श्रीमंतांची चैन नव्हे. अलास्कातल्या होमर किंवा कोडियाकहून निघणारी बोट खाडीत नांगर टाकते, लहान होडीतून मोजकी माणसं किनाऱ्यावर उतरतात, एकत्र चालतात, एकत्र बसतात. अस्वलाच्या दृष्टीनं तो एकच प्राणी, जागचा न हलणारा. टॉम स्मिथ आणि स्टीफन हेरेरो यांनी 1880 ते 2015 या काळातल्या अलास्कातल्या अस्वल-माणूस चकमकींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा गट जितका मोठा तितका धोका कमी असं दिसलं. म्हणजे एकट्यानं फिरणं वाईट. आणि शंभर जणांचा लोंढा सांभाळता येत नाही, हे वेगळं सांगायला नको. बंदुकीवरचा भरवसाही तपासून घ्यावा. त्याच अभ्यासकांच्या पाहणीत, बंदूक वापरलेल्या आणि न वापरलेल्या प्रसंगांत जखमी होण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. मिरचीच्या फवाऱ्यानं मात्र तपकिरी अस्वलांना दहापैकी नऊ वेळा थोपवलं. बाकी दोन मित्र आणि अस्वल या शाळेतल्या गोष्टीबद्दल एवढंच, की त्यातला पालथा पडणारा मित्र निदान तपकिरी अस्वलापुढे अगदीच मूर्ख नव्हता: बचावासाठी अंगावर आलेल्या अस्वलापुढे मानेवर हात घेऊन निपचित पडावं, असंच आजही सांगतात. पळू मात्र नये. आणि मागच्या पायांवर उभं राहिलेलं अस्वल हल्ल्याच्या पवित्र्यात नसतं, ते नीट बघत आणि वास घेत असतं.

यावर हमखास येणारा आक्षेप टिमोथी ट्रेडवेलचा. तेरा उन्हाळे कॅटमायच्या अस्वलांत काढलेला हा माणूस 2003 च्या ऑक्टोबरमध्ये काफ्लिया बे इथे मैत्रिणीसह मारला गेला. मग सवयीचा भरवसा कसा धरायचा? पण त्यानं नेमकं काय केलं ते पाहा. हंगाम सरत आला होता, तंबू अस्वलांच्या वाटांवर दाट झाडीत होता, भोवती विजेचं कुंपण नव्हतं, आणि अंतर राखणं हेच त्याला मान्य नव्हतं. ही घटना बसून पाहणाऱ्या गटाच्या विरोधातला पुरावा नाही, त्या पद्धतीला धुडकावल्याचा परिणाम आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: माणसांमुळे अस्वलांचं खाणं बिघडतं. काही थोराड नर माणसं दिसली की खरंच मागे सरतात. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात मात्र असं दिसलं, की नर सरल्यामुळे पिल्लांवाल्या माद्यांना मासे मारायला निर्धोक जागा मिळते, कारण नर पिल्लांना मारतात. म्हणजे परिणाम होतो, पण तो सरळ नुकसानीचा नाही. तिसऱ्या आक्षेपाला मात्र माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. कॅटमाय उद्यानात शिकारीला बंदी आहे, पण त्याला लागून असलेल्या राखीव भागात ती कायदेशीर आहे. माणसाला न घाबरणाऱ्या अस्वलाला ही हद्द कळत नाही. पर्यटनाच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी हे कबूल करायला हवं.

तेव्हा अशा सफरीचा बेत असेल तर बोटवाल्याला तीन गोष्टी विचारा: किनाऱ्यावर एका वेळी किती माणसं उतरतात, डबे आणि खाऊ कुठे ठेवता, आणि अस्वल दिसल्यावर तुम्ही त्याच्याकडे चालत जाता की बसून राहता. कॅटमायमध्ये 50 यार्डांच्या, म्हणजे साधारण 45 मीटरच्या आत अस्वलाजवळ जायला मनाई आहे. अस्वल स्वतःहून जवळ आलं तर गोष्ट निराळी, पण ‘अगदी हाताच्या अंतरावर नेतो’ अशी जाहिरात करणाऱ्याकडे पैसे भरू नका.