सिमेंटचा पत्रा फोडताय? ती धूळ २०-३० वर्षांनी दम लावते

कात्रज : कात्रज, कोंढवा परिसरात जुनी शेड, गोडाऊन पाडून नवी बांधकामं होतात. अशा शेडवरचे करडे सिमेंटचे पत्रे उतरवायला मजूर लागतात. या पत्र्यांत बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉस असतं. धोका नेमका कशात आहे, हे मजुरांना माहीत असायला हवं.

ॲस्बेस्टॉस म्हणजे खाणीतून निघणारं तंतूंचं खनिज. धड पत्रा डोक्यावर असेल तर घाबरायचं कारण नाही. पण तो फोडला, कापला, ड्रिल मारला की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत उडतात आणि श्वासातून फुफ्फुसात जातात.

शरीराला हे तंतू विरघळवता येत नाहीत. त्यांच्याभोवती सूज येते, मग व्रण धरतो. वर्षानुवर्षं धूळ पोटात नाही, छातीत साठत गेली की फुफ्फुस कडक होतं. याला ॲस्बेस्टॉसिस म्हणतात. कोरडा खोकला आणि चढ चढताना दम लागणं ही त्याची लक्षणं, तीही साधारण १० ते ४० वर्षांनी दिसतात. झालेला व्रण औषधाने जात नाही. फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो, आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्याला तो कितीतरी जास्त.

सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात ॲस्बेस्टॉस कारखान्यांतल्या बाधित कामगारांना १ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. कामगाराच्या तब्येतीची नोंद किमान ४० वर्षं ठेवण्याचाही आदेश दिला. पण रोजंदारीवर पत्रे उतरवणाऱ्याची नोंद कोण ठेवणार? म्हणून कुठे, कधी, कोणत्या ठेकेदाराकडे काम केलं, हे स्वतःच वहीत लिहून ठेवा.

काय काळजी घ्याल?

- पत्रा फोडू नका. आधी पाण्याने भिजवा, बोल्ट सोडवून अख्खा खाली घ्या.
- तुकडे कोरड्या झाडूने झाडू नका.
- नुसता रुमाल पुरत नाही. बारीक धूळ अडवणारा मास्क ठेकेदाराकडे मागा.
- कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका. धुळीचा त्रास घरच्यांनाही होतो.
- फुटके पत्रे भरावात किंवा रस्त्यावर टाकू नका.

खोकला, दम हटत नसेल तर टीबीची तपासणी कराच. पण डॉक्टरांना जुनं कामही सांगा. छातीचा एक्स-रे, गरज पडल्यास सीटी स्कॅन आणि श्वासाची तपासणी करून निदान होतं.