लसणाची मात्रा

पीठ मळून झालं की आधी वाफवायचं, गार करायचं आणि मगच लसूण घालायचा. क्रम उलटा झाला तर पुढच्या साठ दिवसांची मेहनत पाण्यात. एमएफएससीच्या, म्हणजे मत्स्यविज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी हे सांगत होती तेव्हा तिचे हात मनगटापर्यंत पिठात होते. मत्स्य महाविद्यालयाची ही प्रयोगशाळा म्हणजे एका बाजूला टाक्या, एका बाजूला ओटा, आणि ओट्यावर परात, चाळणी, मोदकपात्रासारखं मोठं भांडं नि तीन दशांश स्थळांपर्यंत मोजणारा वजनकाटा.

लसणाच्या अखंड पाकळीत अ‍ॅलिसिन नसतं. पाकळी ठेचली की तिच्यातलं अ‍ॅलिनेज नावाचं एन्झाइम अ‍ॅलिन नावाच्या द्रव्याला भेटतं आणि तो उग्र वासाचा, जंतूंना नको असलेला पदार्थ तयार होतो. वाफेत हे एन्झाइम निकामी होतं. म्हणून लसणाची पूडसुद्धा कमी उष्णतेवर वाळवलेली हवी. ‘लसूण घातलेलं खाद्य’ असं पिशवीवर छापलेलं असतं, पण ते खाद्य कारखान्यात किती तापवलं होतं हे छापलेलं नसतं. हा फरक मला त्या ओट्यापाशी उभं राहिल्यावर कळला. त्यानंतर दुकानातल्या ‘हर्बल’ डब्यांकडे बघण्याची माझी नजर बदलली.

परातीत फिशमील, सोयाबीनची पेंड, शेंगदाण्याची पेंड, तांदळाचा कोंडा, गव्हाचं पीठ होतं. वाफवलेला गोळा कोमट झाल्यावर त्यात माशाचं तेल, जीवनसत्त्वं नि खनिजांचं मिश्रण आणि लसणाची पूड जाते. मग हाताने फिरवायचं यंत्र. ते शेवेच्या सोऱ्याचा थोरला भाऊ दिसतं, आणि शेव पडतेही तशीच. पंख्याखाली वाळली की मोडून माशाच्या तोंडाच्या मापाचे तुकडे करायचे. असे चार घाणे झाले: बिनलसणाचा, किलोमागे पाच ग्रॅम पुडीचा, दहा ग्रॅमचा आणि पंधरा ग्रॅमचा. जिथे लसूण कमी तिथे तेवढंच गव्हाचं पीठ जास्त, म्हणजे वजन आणि पोषण चारही घाण्यांत जवळजवळ सारखं राहतं. बिनलसणाच्या घाण्यावर तिने सगळ्यात जास्त वेळ घालवला. ‘हाच बिघडला तर बाकीच्या तिघांची तुलना कशाशी करायची?’ ती म्हणाली.

हा खटाटोप कशासाठी, तर प्रतिजैविकांसाठी. खरं तर ती टाळता यावीत यासाठी. तळ्यात मासे दाटीने वाढवले, खाली न खाल्लेलं खाद्य कुजू लागलं, की पाण्यात एरवीही असणारे एरोमोनास हायड्रोफिलासारखे जिवाणू संधी साधतात. पंखांच्या मुळाशी लाल डाग पडतात, पोट फुगतं, खवले उभे राहतात, डोळे बाहेर येतात. मग कोणीतरी खाद्यात ऑक्सिटेट्रासायक्लिन मिसळायला सांगतं. औषध थोडं माशात जातं, पुष्कळसं पाण्यात आणि गाळात, आणि तिथले जिवाणू त्याला सरावतात. कोळंबीच्या बाबतीत आपल्याला हा धडा निर्यातीने दिला. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांचे अंश सापडले की माल परत. युरोपीय संघाने तर २००६ पासून जनावरांच्या खाद्यात वाढीसाठी प्रतिजैविकं घालणंच बंद केलं.

नॉर्वेने सामन माशापुरता हा प्रश्न लशीने सोडवला. १९८७ च्या सुमारास तिथले मत्स्यपालक वर्षाला पन्नास टनांच्या आसपास प्रतिजैविकं वापरत. नव्वदच्या दशकात लशी आल्या आणि हा आकडा कोसळला. पण तिथे एकेका माशाला सुई टोचली जाते, आणि सामनच्या भावात ते परवडतं. आपल्या रोहू-कटल्याच्या एका तळ्यात हजारो बोटुकल्या, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, असतात. किलोला दीड-दोनशे रुपयांच्या माशासाठी हजारो वेळा सुई कोण टोचणार? म्हणून औषध जाणार असेल तर घासातूनच, आणि तेही स्वस्तातलं. हळद, लसूण, आलं, कडुनिंब, तुळस, अश्वगंधा, शेवगा अशी यादी त्यातूनच आली. तिच्यावर आज भारतात, चीनमध्ये, इराण-तुर्कस्तानात शेकड्यांनी शोधनिबंध निघतात.

‘वनस्पतीच आहे, काय अपाय होणार?’ हे वाक्य मी या काळात बऱ्याच जणांकडून ऐकलं. प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत त्याचं उत्तर गोणीत भरून ठेवलेलं होतं: मोहाची पेंड. बीज सोडण्याआधी तळ्यातले नको असलेले मासे मारायला ती वापरतात, हेक्टरी दोन-अडीच हजार किलो. तिच्यातलं सॅपोनिन माशाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं. दोन-तीन आठवड्यांत विषार ओसरला की तीच पेंड तळ्याचं खत होते. सह्याद्रीत उन्हाळ्यात आटलेल्या डोहात गेळफळं ठेचून टाकतात आणि मासे गुंगून वर येतात. तीही वनस्पतीच. कडुनिंबाचा अर्क थोडा जास्त झाला तरी मासा मरतो. नॉर्वेच्या सामनला सोयाबीनची पेंड भरपूर चारली तर आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज येते, हे तिथल्या संशोधकांनी नव्वदच्या दशकातच दाखवलं. आपली आजी आणि आपलं आयुर्वेदाचं प्रेम यांच्या आड लपून माशाला काहीही चारता येत नाही.

लसणालाही हेच लागू. असल्या बहुतेक प्रयोगांत आलेख आधी चढतो आणि मग उतरतो. मधली मात्रा चांगली निघते, वरची नाही. शिवाय माशाची प्रतिकारशक्ती सतत चिथावत ठेवली की ती थकते. किती द्यायचं याबरोबर किती आठवडे द्यायचं आणि कधी थांबायचं हाही प्रश्न असतो. जाहिरातीत तो सहसा नसतो.

बारा टाक्या, चार खाद्यं, प्रत्येकाला तीन टाक्या. कुठल्या टाकीला कुठलं खाद्य हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. मला हे जरा नाटकी वाटलं, पण खिडकीजवळच्या दोन टाक्यांवर दुपारी ऊन येतं आणि पाणी अर्धा-एक अंशाने तापतं. मासा शीत रक्ताचा. पाणी तापलं की तो जास्त खातो, जास्त वाढतो, त्याच्या पांढऱ्या पेशीही जास्त चपळ होतात. लसणाची टाकी सोयीची म्हणून खिडकीशी ठेवली असती, तर उन्हाचं श्रेय लसणाला गेलं असतं.

प्रत्येक टाकीत रोहूच्या पंधरा बोटुकल्या, सरासरी दहा ग्रॅमच्या. म्हणजे टाकीत दीडशे ग्रॅम मासा. त्याच्या तीन टक्के, म्हणजे साडेचार ग्रॅम, हे दिवसभराचं खाद्य, सकाळ-संध्याकाळ निम्मं निम्मं. चमचाभरसुद्धा नाही. पण ते रोज काट्यावर मोजायचं, कारण लसणाचा वास माशांना ओढतो. पोटभर टाकलं तर लसणाच्या टाकीतले जास्त खातील आणि जास्त वाढतील. मग वाढ औषधाने झाली की भुकेने, हे सांगता येणार नाही.

बाकी दिवसाचं काम साफसफाईचं. सकाळी रबरी नळीने सायफन लावून तळाची विष्ठा ओढून काढायची, गेलं तेवढं पाणी भरायचं, तापमान, सामू, विरघळलेला प्राणवायू नि अमोनिया वहीत लिहायचा, हवेचे दगड बुडबुडे सोडताहेत ना ते बघायचं. रात्री वीज गेली की वसतिगृहातून कोणीतरी पळत येतं. दिवाळीच्या सुट्टीत कोण थांबणार यावरून दोघांत खडाजंगीही झाली. प्रबंधात हे सगळं एका ओळीत येतं.

रक्त काढण्याच्या दिवशी मात्र सगळे हजर. आधी बादलीत लवंगेचं तेल. ते पाण्यात मिसळत नाही, म्हणून थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून मग टाकतात. मासा एका कुशीवर झुकतो, उलटा होतो, कल्ल्यांची उघडझाप मंदावते. गुंगी आणणारं औषधही वनस्पतीचंच, आणि तिथेही मात्रा चुकली तर तो परत उठत नाही. ओल्या फडक्यात धरून गुदपराच्या मागे, पोटाच्या मध्यरेषेत सुई शिरवायची, पाठीच्या मणक्याला टेकेपर्यंत. मग सुई केसभर मागे घ्यायची आणि दट्ट्या हलकेच ओढायचा. घाईने ओढला तर शीर मिटते, पेशी फुटतात आणि नमुना गुलाबी होऊन वाया जातो. पंधरा-वीस ग्रॅमच्या माशातून हाती येतात ते थोडेसे थेंब. ते तीन ठिकाणी पुरवायचे: पेशी मोजायला, रंगाच्या चाचणीला आणि सीरमसाठी तिरक्या ठेवलेल्या नळीत.

सूक्ष्मदर्शकाखाली मी पाहिलं. माशाच्या तांबड्या पेशी लांबट असतात आणि प्रत्येकीत केंद्रक. आपल्या पक्व तांबड्या पेशींत ते नसतं. त्यामुळे माणसांच्या पॅथॉलॉजीत रक्त मोजणारं यंत्र इथे गोंधळतं. पांढऱ्या कुठल्या नि तांबड्या कुठल्या हे त्याला उमजत नाही. म्हणून काचेच्या चौकटीत डोळ्यांनी मोजायचं. तिच्या हातात टिकटिक करणारा गणक होता आणि ती बोलत नव्हती.

दुसऱ्या चाचणीत पिवळसर रंगद्रव्य रक्तात मिसळतात. जंतू गिळणाऱ्या पेशी जितक्या चेतलेल्या, तितका त्याचा गडद निळा होतो. तिसऱ्या चाचणीत एका निरुपद्रवी जिवाणूचं गढूळ द्रावण घेऊन त्यात सीरम टाकतात. सीरममधलं लायसोझाइम जिवाणूंच्या भिंती विरघळवतं, गढूळपणा कमी होतो आणि यंत्रावरचा आकडा घसरतो. दिसायला सुरेख चाचण्या. पण आकडे वाढले म्हणजे मासा वाचेल असं नाही, आणि पुष्कळ शोधनिबंध इथेच थांबतात हा माझा त्यांच्यावरचा आक्षेप आहे. विद्यार्थिनीच्या मार्गदर्शकांनी मात्र तिला तिथे थांबू दिलं नाही.

साठाव्या दिवसानंतर आव्हान चाचणी. त्यासाठी प्राणी-नैतिकता समितीची परवानगी आधीच घेतलेली असते. प्रत्येक माशाच्या पोटाच्या पोकळीत, श्रोणिपराच्या बुडाशी, जिवंत एरोमोनासचं मोजलेलं द्रावण टोचतात. आधी वेगळ्या माशांवर अजमावून अशी मात्रा ठरवलेली असते की साधं खाद्य खाल्लेल्यांतले निम्म्याच्या आसपास मरावेत. इथली मनःस्थिती चमत्कारिक असते. दोन महिने ज्यांची विष्ठा साफ केली, त्यांतले पुरेसे मरायला हवेत. बिनलसणाच्या टाकीत कोणीच मेलं नाही तर जिवाणू कमजोर होते, आणि मग लसणाने कोणाला वाचवलं हे सांगता येत नाही. सगळेच मेले तरी तेच.

बहुतेक मरणं पहिल्या चार-पाच दिवसांत होतात. ठरावीक तासांनी फेरी, मेलेला मासा काढायचा, वेळ लिहायची, चिरून मूत्रपिंडातून नमुना घेऊन जिवाणूंच्या थाळीवर ओढायचा. विशिष्ट माध्यमावर पिवळ्या वसाहती आल्या की टोचलेल्या जिवाणूनेच मारलं असं धरायचं, आणि मग पुढच्या चाचण्यांनी ते पक्कं करायचं. हिशेब साधा आहे: समजा बिनलसणाच्या विसांतले बारा गेले आणि लसणाच्या विसांतले सहा, तर संरक्षण पन्नास टक्के. उरलेलं पाणी ब्लीचिंग पावडर टाकल्याशिवाय गटारात सोडायचं नाही.

त्याच आठवड्यात रायगडमधले एक शेतकरी सल्ल्याला आले होते. ‘मॅडम, आम्ही हळद टाकतो ना तळ्यात. किलोभर. पहिल्यापासून.’

‘काका, तळं केवढं?’

‘एकरभर असेल. पुरुषभर पाणी.’

विद्यार्थिनीने कागद ओढला. एकर म्हणजे चार हजार चौरस मीटर, खोली दीड मीटर धरली तरी साठ लाख लिटर पाणी. किलोभर हळद त्यात पसरली की लिटरला मिलिग्रॅमचा सहावा हिस्सा. त्यातही कामाचं कर्क्युमिन जातीनुसार दोन टक्क्यांपासून सहा-सात टक्क्यांपर्यंत, आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. काकांनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला. ‘म्हणजे आतापर्यंत मासे काय नुसते नशिबाने जगले?’ तिने सांगितलं की त्याबरोबर ते दरवर्षी चुना टाकतात, गाळ काढतात आणि बीज दाट सोडत नाहीत. मासे जगले ते बहुधा त्यानेच.

काकांचा पुढचा प्रश्न जास्त अवघड होता: लसूण परवडेल का? दहा ग्रॅमची मात्रा धरली तर टनभर खाद्याला दहा किलो पूड, म्हणजे साधारण तीस किलो ओला लसूण. लसूण शंभर रुपये किलो असेल तर खाद्य किलोमागे तीन रुपयांनी महागतं. २०२४ मध्ये तो चारशेच्या घरात गेला होता. त्या भावात बारा रुपये. रोहूच्या खाद्यावर एवढा बोजा कोणी घालणार नाही. आणि जे शेतकरी अजून भोकं पाडलेल्या पोत्यात नुसता कोंडा भरून बांबूला टांगतात, त्यांच्या कोंड्यात मिसळलेली पूड मासा खायच्या आत पाण्यात धुऊन जाईल.

म्हणून आता साली. कोरड्या साली, ज्या बाजार समितीत आणि लसूण सोलण्याच्या कारखान्यांत ढिगाने पडतात. आफ्रिकन मागुराला लसणाच्या सालींची पूड चारून एरोमोनासविरुद्ध तपासल्याचा प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला आहे. तो मासा पाळायला आपल्याकडे बंदी आहे, तेव्हा आकडे तिथून जसेच्या तसे उचलता येणार नाहीत. रोहूवर पहिल्यापासून सगळं पुन्हा. सालीत औषधी द्रव्यं आहेत, तसा न पचणारा चोथाही आहे, आणि बाजारातल्या साली बुरशी धरलेल्या नाहीत ना, हे आधी बघावं लागेल. विद्यार्थिनीच्या मागून आलेल्या मुलाने दोन गोण्या आणून ठेवल्या होत्या. त्यातल्या एकीला ओल लागली होती. मार्गदर्शकांनी वास घेतला आणि ती परत पाठवली.