काचेतले मासे आणि घरातले वेगळे मूल



काचेच्या टाकीतले मासे म्हणजे शहरातल्या लोकांची हौस, असे आपण धरून चालतो. त्यात फारसे चूकही नाही. मासळीचे उत्पन्न हवे असेल तर शेततळे आहे. तरी आज टाकीविषयी लिहितो आहे, ते वेगळ्या कारणाने.

गावात एखादे मूल असे असते की ते चारचौघांत मिसळत नाही. हाक मारली तर पाहत नाही, ठरलेल्या ताटातच जेवते, मळणी यंत्र सुरू झाले की कान दाबून घरात पळते. आणि हौदाच्या पाण्याकडे मात्र तासभर टक लावून बसते. कुणी त्याला वेडा ठरवतो, कुणी अंगारा आणून देतो. अशा काही मुलांना डॉक्टर स्वमग्न म्हणतात, काही अतिचंचल असतात. हा आईच्या संगोपनाचा दोष नव्हे, मागच्या जन्मीचे पापही नव्हे. मेंदूची घडणच निराळी असते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. तेव्हा प्रथम मुलाला जिल्हा रुग्णालयात दाखवावे. अंगाऱ्यात वर्षे घालवू नयेत.

आता माशांकडे वळू. इंग्लंडमधील प्लिमथ येथील मत्स्यालयाच्या एका मोठ्या टाकीत टप्प्याटप्प्याने मासे सोडत असताना संशोधकांनी पाहणाऱ्यांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. मासे वाढत गेले तसे लोक जास्त वेळ थांबले, त्यांच्या नाडीचे ठोके अधिक उतरले, मनही प्रसन्न झाले. हा प्रयोग स्वमग्न मुलांवर नव्हता, आणि टाकीने स्वमग्नता ‘बरी’ होते असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. पण ज्याला गोंगाट सोसत नाही आणि रोजचा क्रम मोडलेला चालत नाही, त्याला हे काम मानवू शकते. मासा प्रश्न विचारत नाही, डोळ्यांत पाहा म्हणत नाही.

शिवाय बारकावे टिपणारी नजर येथे कामास येते. अमेरिकेच्या टेंपल ग्रँडिन या स्वतः स्वमग्न आहेत. लहानपणी त्या उशिरा बोलू लागल्या. पुढे त्यांनी गुरे हाकण्याच्या वाटा व आवारे आखण्यात नाव मिळवले. जमिनीवरची सावली, लोंबती साखळी, चकाकणारा पत्रा पाहून जनावर बुजते, हे त्यांनी जनावराच्या जागी उभे राहून ओळखले. सावलीला बुजणारा बैल आपणही पाहिला आहे. तशीच नजर असलेला मुलगा आज कोणत्या माशाने खाल्ले नाही, हे घरात सर्वांच्या आधी सांगेल.

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच पुरे. तिच्यात सुमारे ५५ लिटर पाणी मावते, म्हणजे नुसत्या पाण्याचे वजन अर्ध्या क्विंटलाहून अधिक. डगमगत्या स्टुलावर ठेवू नये. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर ते एक दिवस उघडे ठेवून मग भरावे. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. जमिनीत युरियाचे जसे जिवाणू नायट्रेट करतात, तसेच येथेही घडते. पण ते जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून आरंभी दोन-चार गप्पीच सोडावेत. नंतर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. सारी टाकी घासूनपुसून चकचकीत केली की जिवाणू जातात आणि मासे मरतात. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे. वीज गेली की हवेचा पंप बंद पडतो, म्हणून गर्दी नको.

पंपाची घरघर काही मुलांना सोसत नाही. विकत घेण्याआधी त्याला दुकानात आवाज ऐकवावा. खाद्याची वेळ त्याला ठरवू द्यावी, वहीत नोंद त्यानेच करावी, आणि त्याला न विचारता टाकीतला दगडही हलवू नये. पाहुण्यांपुढे ‘दाखव रे तुझे मासे’ असा आग्रह नको. मासा मेला तर ‘गावाला गेला’ असे सांगू नये. अशी मुले शब्द जसाच्या तसा धरतात आणि वाट पाहत बसतात. मेला म्हणून सांगावे, बागेत पुरावा.

अशा मुलाचे करता करता आईचा जीव मेटाकुटीस येतो, याकडे मात्र घरात कुणी बघत नाही. झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर ते टाकीपुढे बसून भागण्यासारखे नाही. १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन करावा. तेथे मराठीत बोलता येते.

टाकी बंद करावी लागली तर मासे विहिरीत वा ओढ्यात सोडू नयेत. सकर मासा असाच नद्या-जलाशयांत शिरून मच्छीमारांची जाळी फाडतो आहे. मासे दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावेत, आणि कुणाला द्यायचे ते मुलालाच विचारावे.