अमेरिकेतल्या गळाच्या काठीला भारतातला बांबू का लागायचा?

भंडाऱ्याच्या जंगलात मानवेल नावाचा बांबू मिळतो. बुरडांच्या घरी त्याची सुपं, टोपल्या आणि तट्टे होतात. तळ्यांवर मासेमारी करणारे ढिवर त्याच्याच कामट्यांचे सापळे विणतात. शास्त्रीय नाव डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले कारागीर मासेमारीच्या महागड्या काठ्या ज्या बांबूपासून बनवत, तो याच जातीचा मानला जातो. तिकडे त्याला 'कलकत्ता केन' म्हणत. ते नाव बंदरावरून पडलं.

ही काठी 'फ्लाय फिशिंग'ची. यात गळाला पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी केलेली असते. तिला वजन जवळजवळ नसतंच, त्यामुळे ती नुसती भिरकावून लांब जात नाही. जड दोरी फेकायची आणि माशी तिच्यामागून जाते. म्हणजे काठीने वाकून स्प्रिंगसारखं परत सरळ व्हायला हवं.

बांबूची खरी ताकद सालीलगत असते. तिथे तंतू दाट असतात, आतल्या बाजूला विरळ. म्हणून अख्खा बांबू न वापरता तो उभा चिरतात, गाठी तापवून दाबून सपाट करतात आणि प्रत्येक पट्टी रंध्याने त्रिकोणी तासतात. साल तशीच ठेवायची, तासायचा तो आतला मऊ भाग! ६० अंशांच्या अशा सहा पट्ट्या साल बाहेर ठेवून चिकटवल्या की षटकोनी, भरीव काठी तयार होते. ती टोकाकडे निमुळती होत जाते, आणि तासण्यात इंचाच्या हजाराव्या भागाचा हिशेब ठेवावा लागतो. पेनसिल्व्हेनियातला बंदुका बनवणारा सॅम्युअल फिलिप हा या पद्धतीच्या सुरुवातीच्या कारागिरांपैकी एक. पुढे चीनमधला सरळसोट 'टोंकिन' बांबू मिळू लागला आणि भारतातला मागे पडला.

इकडे बुरडांची अडचण वेगळीच. १९२७च्या वन कायद्याने बांबूला 'झाड' ठरवलं होतं. खरं तर ते गवत! २००६च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपज मानलं, आणि २०११ मध्ये शेजारच्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला बांबू वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळाला. २०१७ मध्ये 'झाडा'च्या व्याख्येतून बांबू वगळला गेला, पण त्याचा फायदा जंगलाबाहेर, शेतात वाढलेल्या बांबूला.

ज्या बुरडाकडे शेतच नाही, त्याला वनखात्याच्या सवलतीच्या बांबूवरच अवलंबून राहावं लागतं. तोही वेळेत मिळायला हवा, कारण विणकामाला ओला बांबू लागतो. डेपोत पडून वाळलेल्या बांबूची गळाची काठी होईल, सूप होणार नाही.