कॅमेऱ्याचे ओझे खांद्यावर नको, कमरेवर हवे

पाऊस ओसरला की सह्याद्रीच्या वाटांवर कॅमेरेवाल्या ट्रेकरची वर्दळ वाढते. कुणाला कोकणकड्यावरचा सूर्यास्त टिपायचा असतो, कुणाला पठारावरची रानफुले. निघताना सॅक फारशी जड वाटत नाही. तीन-चार तासांनी मात्र मान आखडते, हाताला मुंग्या येतात.

एकदा वजनाचा हिशेब करून पाहावा. कॅमेरा आणि नेहमीची लेन्स दीड किलो, दूरचे टिपणारी मोठी लेन्स दीड किलो, ट्रायपॉड दीड किलो, पाणी दोन किलो, रिकामी सॅक दीड किलो. डबा, रेनकोट, टॉर्च मिळून एक किलो. झाले नऊ किलो! ६० किलो वजनाच्या माणसासाठी हे शरीराच्या १५ टक्के ओझे झाले. दिवसभराच्या चढ-उतारासाठी याहून जास्त नसलेलेच बरे.

त्रास केवळ वजनाचा नसतो. ते कुठे पेलले जाते, हे महत्त्वाचे. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचे जाळे कॉलर बोनखालून जाते. सॅकचे पट्टे तिथे तासन् तास रुतले की नसा दाबल्या जातात. क्वचित हातातली ताकदही कमी होते. वैद्यकशास्त्रात याला ‘रकसॅक पाल्सी’ म्हणतात. मुंग्या किंवा अशक्तपणा विश्रांतीनंतरही राहिला, तर डॉक्टरांना दाखवावे.

यावर उपाय म्हणजे रुंद, गादीदार कंबरपट्टा. तो बरेचसे वजन कमरेच्या हाडांवर आणि तिथून पायांच्या मोठ्या स्नायूंवर सोपवतो. कॅमेऱ्याच्या अनेक बॅगांना नुसती पातळ पट्टी असते. ती बॅग हलू देत नाही, पण वजन पेलत नाही.

सॅक घेताना लिटर आणि कप्पे पाहण्याआधी पाठ मोजावी. मान पुढे झुकवल्यावर तळाशी जो मणका ठळकपणे हाताला लागतो, तिथून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेच्या रेषेपर्यंतचे अंतर म्हणजे पाठीची लांबी. सारख्या उंचीच्या दोघांची पाठ वेगळी असू शकते. म्हणून मित्राला सोयीची वाटणारी सॅक आपल्याला बसेलच असे नाही.

भरताना जड लेन्स आणि कॅमेरा पाठीला चिकटून, खांद्याच्या पात्यांच्या पातळीवर ठेवावेत. जड वस्तू बाहेरच्या कप्प्यात गेली की सॅक मागे ओढते आणि कातळावर तोल जाण्याची भीती वाढते. एका खांद्यावरची बॅग शरीर कलते ठेवते. गळ्यात लोंबणारा कॅमेरा उतारावर पुढचे पाऊलच दिसू देत नाही. अवघड टप्प्यावर तो सॅकमध्येच बरा.

दुकानात रिकामी सॅक कुठलीही हलकीच वाटते. स्वतःचे सामान नेऊन ती भरावी. आधी कंबरपट्टा आवळावा, मग खांद्याचे पट्टे, शेवटी छातीचा. पंधरा मिनिटे चालावे, जिना चढावा-उतरावा. खांद्यांखाली सहज बोटे सरकली, तर वजन योग्य जागी आहे.

आणि निघण्याआधी एक प्रश्न विचारावा: दुसरी लेन्स खरोखर लागणार आहे का? सर्वांत आरामदायी ओझे म्हणजे घरी ठेवलेले ओझे. पाण्याची बाटली मात्र कमी करू नये.