मानेचे ऑपरेशन : भूल मानेपुरती की पुरी?

तेर म्हटले की गोरोबाकाका आठवतात. थापटण्याने ठोकून मडके कच्चे की पक्के हे कुंभार ओळखतो. काकांनी तशीच संतांची डोकी पारखली, ही कथा गावच्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. मेंदूची अशीच एक पारख मानेच्या ऑपरेशनात करावी लागते.

मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूकडे रक्त नेणारी एकेक मोठी धमनी असते. वाढते वय, तंबाखू, रक्तदाब आणि मधुमेह यांमुळे तिच्या आत चरबीचा थर साचतो. त्याचा कण सुटून मेंदूत अडकला की अंगावरून वारे जाते. पुष्कळदा आधी सूचना मिळते. तोंड वाकडे होते, एक हात लुळा पडतो, बोलणे अडखळते आणि घटकाभरात सारे पूर्ववत होते. बरे वाटले म्हणून घरी बसू नये. अशा रोग्याची, लुळ्या पडलेल्या हाताच्या विरुद्ध बाजूची धमनी ७० टक्के किंवा अधिक अरुंद झालेली असेल, तर थर काढून टाकण्याचे ऑपरेशन हितकारक ठरते. ते दोन आठवड्यांच्या आत झाले तर लाभ अधिक.

ऑपरेशनात ती धमनी काही वेळ चिमट्याने बंद ठेवतात. तेवढ्या वेळात दुसऱ्या बाजूचे रक्त मेंदूला पुरते का, हा खरा प्रश्न. मानेपुरती भूल दिली तर रोगी जागा असतो. त्याला बोलते ठेवतात, दुसऱ्या बाजूच्या हाताने खेळणे दाबायला सांगतात. हात ढिला पडला की डॉक्टर बारीक नळी घालून, पाटाचे पाणी वळवावे तसे, रक्त मेंदूकडे वळवतात. पुऱ्या भुलेत रोगी निश्चल असतो, श्वास नळीने सुरक्षित राहतो. मात्र मेंदूची खबर यंत्रांवरून घ्यावी लागते.

मग चांगली कोणती? २४ देशांतील ३,५२६ रोग्यांच्या पाहणीचा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. महिनाभरात अर्धांगवायू, हृदयविकाराचा झटका किंवा मृत्यू हे पुऱ्या भुलेत हजारी ४८ जणांना, तर मानेपुरत्या भुलेत ४५ जणांना भोगावे लागले. म्हणजे दोहोंत म्हणण्यासारखा फरक नाही.

तेव्हा निवड माणूस पाहून करावी. ज्याला तास-दोन तास स्वस्थ पडवत नाही, ऐकू येत नाही किंवा जो फार घाबरतो, त्याला पुरी भूल सोयीची. दुसऱ्या बाजूची धमनीही बंद असेल तर काही डॉक्टर रोग्याला जागे ठेवणे पसंत करतात.

कागदावर सही करण्यापूर्वी घरच्यांनी भूलतज्ज्ञांना भेटावे. तंबाखू, दमा, चालू गोळ्या, पूर्वीचे ऑपरेशन यांतले काही लपवू नये. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने थांबवू नये. उपाशी राहायला सांगितले तर चहाचा घोटही देऊ नये. आणि तोंड, हात वा वाचा यांत बिघाड दिसताच तेल चोळीत न बसता १०८ ला फोन करावा. तिथे घटकेघटकेला मोल असते.