पेठेचा संघ

कोल्हापुरात फुटबॉलचा संघ मालकाचा नसतो, पेठेचा असतो. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या संघांच्या नावात अजूनही ‘तालीम’ आहे. कुस्तीच्या आखाड्याभोवती जमलेल्या पेठांनीच तिथे हा खेळ वाढवला. शाहू स्टेडियमवर ही ईर्ष्या कधीकधी हाणामारीवरही येते, हे खरे.

दूर केनियातही असेच घडले. १९६४ साली लुह्या समाजाने ‘अबालुह्या’ संघ काढला, १९६८ साली लुओंनी ‘गोर माहिया’. १९८० मध्ये जमातींची नावे टाकण्याचा सरकारी हुकूम निघाला. ‘अबालुह्या’चा ‘एएफसी लेपर्ड्स’ झाला. नाव गेले, माणसे राहिली. ‘गोर माहिया’ने तर १९८७ साली आफ्रिकेचा कप विनर्स कप जिंकला.

मी डोंबिवलीकर. आमची मुले तासाच्या भाड्याने घेतलेल्या टर्फवर खेळतात, झकास खेळतात. पण तास संपला की संघही विरतो. हरल्यावर हळहळायला गल्ली नसते. गावोगावहून आलेल्या माणसांनी इथे पाडव्याची शोभायात्रा रुजवली. त्यांना अकरा पोरांचा, ‘आमचा’ म्हणता येईल असा एक संघ जड आहे का?